महिला व्यावसायिक बास्केटबॉल : पगार परवडत नाहीत, की हिशेबच तसा मांडला आहे?

रिंगण (धागाकर्ता), १२ सप्टेंबर २०२५

जुलैमध्ये इंडियानापोलिसला डब्ल्यूएनबीएचा, म्हणजे अमेरिकेतील महिलांच्या व्यावसायिक बास्केटबॉल लीगचा, ऑल-स्टार सामना झाला, तेव्हा दोन्ही संघांच्या खेळाडू एकसारखे काळे टी-शर्ट घालून सामन्यापूर्वीच्या सरावाला उतरल्या. 'तुम्ही आमचे जे देणे लागता, ते द्या' अशा अर्थाचा मजकूर त्यांवर छापलेला होता. गेल्या ऑक्टोबरात खेळाडू संघटनेने लीगबरोबरचा २०२० चा सामूहिक करार मुदतीआधी संपवण्याचा आपला हक्क वापरला, त्यामुळे तो येत्या ३१ ऑक्टोबरला संपतो आहे, आणि नव्या कराराची बोलणी अद्याप मिटलेली नाहीत.

हा विषय निघाला की दोनच वाक्ये ऐकू येतात. एक पक्ष म्हणतो की एनबीएत, म्हणजे पुरुषांच्या लीगमध्ये, बाकावर बसून राहणाऱ्याला जे मिळते, त्याच्या जवळपासही इथली सर्वोत्तम खेळाडू पोहोचत नाही. दुसरा पक्ष म्हणतो की जी लीग तोट्यात चालते, तिने पगार वाढवायचे ते कशातून? दोन्ही वाक्यांत तथ्य आहे, परंतु दोन्हींनी माझे समाधान होत नाही.

या हंगामात सर्वाधिक पगार २,४९,२४४ डॉलर आहे आणि सर्वांत कमी ६६,०७९ डॉलर. एका संघाने सर्व खेळाडूंवर मिळून किती खर्च करावा याची मर्यादा, म्हणजे वेतनमर्यादा, १५,०७,१०० डॉलर आहे, आणि ती ओलांडता येत नाही. १३ संघांची बेरीज केली तर ती सुमारे १ कोटी ९६ लाख डॉलर होते. पुढच्या वर्षापासून डिस्ने, ॲमेझॉन आणि एनबीसीयुनिव्हर्सल यांच्याशी झालेला ११ वर्षांचा प्रक्षेपण करार सुरू होईल, त्याची रक्कम २२० कोटी डॉलर, म्हणजे वर्षाला सुमारे २० कोटी. आजचे सगळे पगार एकत्र केले तरी या एकाच उत्पन्नाच्या दहाव्या हिश्शाहून कमी भरतात.

म्हणून प्रश्न असा आहे की लीगला पगार देणे परवडत नाही, की हिशेबाची मांडणीच अशी आहे की तो परवडत नाही असे दिसावे? जाणकारांनी आकड्यांच्या आधारे लिहावे, ही विनंती.


मैदानवासी, १२ सप्टेंबर

मी तोट्याच्या बाजूने लिहितो, कारण ती बाजू भावनाशून्य म्हणून झटकून टाकली जाते. लीग स्थापन झाल्यापासून दरवर्षी सरासरी एक कोटी डॉलरहून अधिक तोटा होत आला आहे, असे एनबीएचे आयुक्त ॲडम सिल्व्हर यांनी २०१८ मध्ये सांगितले होते. २०२४ हे तर प्रेक्षकसंख्येचे विक्रमी वर्ष, तरीही त्या वर्षी चार कोटींच्या आसपास तोटा अपेक्षित असल्याच्या बातम्या होत्या. ज्यांनी पंचवीस वर्षे पदरमोड केली, त्यांनी पहिले बरे वर्ष उजाडताच अर्धे उत्पन्न देऊन टाकावे, ही अपेक्षा मला रास्त वाटत नाही.

दुसरे असे की ही भरभराट किती टिकाऊ आहे याची खात्री कोणालाच नाही. इंडियाना फीव्हरच्या घरच्या सामन्यांना २०२३ मध्ये सरासरी चार हजारांच्या आसपास प्रेक्षक येत, ते २०२४ मध्ये १७ हजारांवर गेले, आणि मधल्या काळात घडलेली गोष्ट एकच होती : केटलिन क्लार्क संघात आली. या हंगामात ती दुखापतीमुळे बहुतेक काळ बाहेर राहिली, आणि तिच्याविना झालेल्या सामन्यांचे दूरचित्रवाणीवरील प्रेक्षक घटले. एका खेळाडूच्या स्नायूंवर ११ वर्षांची गणिते उभी करणे मला धोक्याचे वाटते.


सावली, १२ सप्टेंबर

मैदानवासी, ज्या केटलिन क्लार्कमुळे हे सगळे आले असे आपण म्हणता, तिचा पहिल्या वर्षाचा पगार ७६,५३५ डॉलर होता. उत्पन्न तिच्यामुळे वाढले असेल, तर वाढीतील तिचा वाटा कुठे गेला, हा प्रश्न आपल्याच युक्तिवादातून निघतो.


ताळेबंद, १३ सप्टेंबर

मी लेखापरीक्षणाच्या व्यवसायात आहे, त्यामुळे धाग्याच्या शीर्षकाचा दुसरा भाग मला अधिक महत्त्वाचा वाटतो. सावली यांचा प्रश्न अचूक आहे, आणि त्याचे उत्तर २०२० च्या कराराच्या कलमांत आहे.

त्या करारात वेतनमर्यादा दरवर्षी ३ टक्क्यांनी वाढेल असे ठरले. २०२० मध्ये ती १३ लाख डॉलर होती. तिथून ३-३ टक्के चढत ती आज १५ लाखांपर्यंत आली आहे. उत्पन्न दुप्पट झाले तरी ३ टक्के, आणि निम्मे झाले तरी ३ टक्केच. एनबीएत याच्या नेमके उलट आहे : तिथे खेळाडूंना बास्केटबॉलशी निगडित उत्पन्नाचा ४९ ते ५१ टक्के हिस्सा मिळतो आणि वेतनमर्यादा त्या हिश्शावरून काढली जाते. तिथला पगार उत्पन्नाच्या मागे चालतो, आणि इथला आधी ठरलेल्या जिन्याने एकेक पायरी चढतो. म्हणून 'एनबीएइतका पगार द्या' आणि 'एनबीएइतका हिस्सा द्या' या दोन अगदी वेगळ्या मागण्या आहेत. खेळाडू दुसरी मागणी करीत असताना त्यांना उत्तर मात्र पहिल्या मागणीचे दिले जाते, हे पाहून मला खरोखर वाईट वाटते.

उत्पन्नवाटपाचे कलम २०२० च्या करारातही होते. ठरलेल्या लक्ष्याच्या वर गेलेल्या उत्पन्नात खेळाडूंचा निम्मा वाटा असेल, असे ते सांगत होते. परंतु ते लक्ष्य एकेका वर्षाचे नव्हते, साठत जाणारे होते. कराराचे पहिलेच वर्ष महासाथीचे निघाले, सगळा हंगाम फ्लोरिडातील ब्रेडेंटन येथे बंदिस्त जागेत, प्रेक्षकांविना खेळवावा लागला, आणि त्या वर्षी पडलेला खड्डा भरून निघाल्याखेरीज वाटपाची पाळीच येणार नव्हती. पुढची वर्षे कितीही चांगली गेली तरी खेळाडूंच्या हाती या कलमातून काही आले नाही. कलम होते, त्याचा गवगवाही झाला होता, पण ते लागू होण्याची अटच अशी होती.

आता तोट्याविषयी. मैदानवासी यांनी दिलेले आकडे मी नाकारत नाही. पण तोटा ठरतो तो उत्पन्न कोणाच्या खात्यात जमा केले यावरूनही. नवा प्रक्षेपण करार एनबीएने दोन्ही लीगसाठी एकत्र केला. त्याची एकूण रक्कम साडेसात हजार कोटी डॉलरहून अधिक आहे, आणि तीत डब्ल्यूएनबीएचे म्हणून २२० कोटी मोजले गेले, म्हणजे जेमतेम ३ टक्के. हे ३ टक्के बाजाराने स्वतंत्रपणे ठरवले नाहीत, कारण महिलांचे हक्क वेगळे विकायला काढलेच नव्हते. कदाचित ते योग्य असतील, कदाचित कमी असतील. पण ज्या आकड्यावर तोटा अवलंबून आहे तो आकडा जर एकाच टेबलाच्या एकाच बाजूने ठरत असेल, तर 'तोटा आहे' हे वाक्य चर्चेचा शेवट होऊ शकत नाही.


ह्यूस्टनकर, १३ सप्टेंबर

ताळेबंद यांचे विवेचन फार आवडले, पण मी थोडा सावधगिरीचा सूर लावणार आहे, कारण मी एक संघ डोळ्यांदेखत बंद पडलेला पाहिला आहे.

आम्ही १९९८ मध्ये ह्यूस्टनला राहायला आलो. कॉमेट्स हा तेव्हा या खेळातला निर्विवाद श्रेष्ठ संघ होता. १९९७ ते २००० ही लीगची पहिली चारही विजेतेपदे त्यांचीच. सिंथिया कूपर, शेरिल स्वूप्स आणि टीना थॉम्पसन यांना एकत्र खेळताना पाहणे हे आमच्या घरातल्या दोन्ही मुलींसाठी उन्हाळ्याचे मुख्य आकर्षण होते. कूपर चेंडू घेऊन मधोमध घुसली की धाकटी खुर्चीवर उभी राहत असे. अशा संघाला मरण येईल, हे आम्हाला सुचलेसुद्धा नसते.

२००२ पर्यंत सर्व संघ एनबीएच्या सामूहिक मालकीचे होते. त्यानंतर ते स्वतंत्र मालकांना देण्यास सुरुवात झाली. कॉमेट्सचा जुना मालक एनबीएच्या रॉकेट्सचाही मालक होता. २००७ मध्ये त्याने संघ विकला. नव्या मालकाने मोठे सभागृह सोडून लहान जागी सामने नेले, पुढच्याच वर्षी संघ लीगच्या ताब्यात गेला, आणि गिऱ्हाईक मिळाले नाही म्हणून डिसेंबर २००८ मध्ये तो बरखास्त झाला. पुढल्या वर्षी, २००५ चा विजेता असलेला सॅक्रमेंटो मोनार्क्सही गेला. म्हणजे मैदानावरचे यश आणि संघाचे आयुष्य यांचा संबंध आपण समजतो तेवढा नसतो.

आणि पगाराविषयीही एक जुनी आठवण सांगण्यासारखी आहे. डब्ल्यूएनबीएच्या आधी काही महिने, १९९६ च्या ऑक्टोबरात, अमेरिकन बास्केटबॉल लीग सुरू झाली होती. ती हिवाळ्यात, बास्केटबॉलच्या खऱ्या मोसमात खेळत असे आणि पगार डब्ल्यूएनबीएपेक्षा बरेच जास्त देत असे. खेळाचा दर्जा तिथे सरस आहे, असे मानणारे पुष्कळ होते. ती लीग १९९८ च्या नाताळाच्या तोंडावर, हंगाम अर्ध्यावर असताना दिवाळखोरीत गेली. तिच्याकडे एनबीएचे पाठबळ नव्हते आणि दूरचित्रवाणीचा दमदार करार नव्हता. खेळाडूंना भरपूर देणारी लीग बुडाली आणि हात आखडता घेणारी तरली, ही गोष्ट मालकांच्या मनावर खोलवर कोरली गेली असावी. माझ्या मते तिचा अर्थ त्यांनी चुकीचा लावला. ती लीग पगारामुळे बुडाली नाही, प्रक्षेपणाचे उत्पन्न नसल्यामुळे बुडाली. आज ते उत्पन्न आले आहे.


मैदानवासी, १३ सप्टेंबर

ह्यूस्टनकर, आपला शेवटचा मुद्दा मला मान्य करावा लागेल. तरीही कॉमेट्सची हकीकत माझ्याच बाजूने बोलते. वाईट वर्षांत संघाला तगवून धरणारा कोणीतरी श्रीमंत माणूस लागतो, आणि त्याला चांगल्या वर्षांची आशा उरली पाहिजे.


दक्षिणवारा, १४ सप्टेंबर

परदेशातील पगारांचा उल्लेख अजून झाला नाही, याचे आश्चर्य वाटते, कारण वीस वर्षे या लीगचा गाडा त्यांच्याच जोरावर चालला. उन्हाळ्यात अमेरिकेत आणि हिवाळ्यात रशिया, तुर्कस्तान किंवा चीनमध्ये, असे बारमाही खेळणे हा चांगल्या खेळाडूंचा नित्यक्रम होता. डायना टॉरासीने २०१५ चा डब्ल्यूएनबीए हंगाम पूर्णपणे सोडला, कारण तिने उन्हाळ्यात विश्रांती घ्यावी म्हणून तिच्या रशियातील एकातेरिनबुर्गच्या संघाने तिला पैसे दिले. त्या संघाकडून तिला वर्षाला सुमारे १५ लाख डॉलर मिळत होते, आणि अमेरिकेतील पगाराची कमाल मर्यादा तेव्हा एक लाखाच्या थोडी वर होती. स्वतःच्या देशातील लीगपेक्षा न खेळण्याची किंमत अधिक ठरावी, हे मी वाचले तेव्हा मला दोनदा वाचावे लागले.

त्या व्यवस्थेची किंमत शरीराने मोजली गेली. ब्रियाना स्टुअर्ट २०१८ ची सर्वोत्तम खेळाडू होती. एप्रिल २०१९ मध्ये युरोलीगच्या अंतिम सामन्यात तिच्या टाचेची शीर तुटली आणि डब्ल्यूएनबीएचा तो सगळा हंगाम ती खेळू शकली नाही. ब्रिटनी ग्राइनर तर फेब्रुवारी २०२२ मध्ये रशियात अटकेत पडली आणि त्या डिसेंबरात कैद्यांच्या अदलाबदलीतून सुटली. ती तिथे गेली होती ती नोकरीसाठीच.

मात्र परदेशातील पगार म्हणजे खेळाडूंचा 'खरा बाजारभाव', असे जे काही जण म्हणतात, ते मला पटत नाही. एकातेरिनबुर्गचा संघ एका खाण आणि धातू कंपनीच्या पैशावर चालत होता. तिकिटांतून तो पगार निघणे शक्य नव्हते. तो आश्रयदात्याचा पैसा होता, आणि आश्रयदात्याची मर्जी किंवा देशाचे राजकारण बदलले की तो आटतो. खेळाडूंना हवा आहे तो हक्काचा हिस्सा, आणि तो लीगच्याच उत्पन्नातून आला पाहिजे, हे ताळेबंद यांचे म्हणणे मला यासाठीही महत्त्वाचे वाटते.

शिवाय आता लीगने असा नियम केला आहे की दोन वर्षांहून अधिक अनुभव असलेल्या खेळाडूने ठरलेल्या तारखेपर्यंत हजर झालेच पाहिजे. २०२४ पासून उशिरा येणारीला तो हंगामच गमवावा लागतो. दुसरीकडची कमाई सोडायला लावायची आणि तिची भरपाई करायची नाही, हे न्यायाचे नाही.


कोर्टबाहेर, १४ सप्टेंबर

सगळी चर्चा टॉरासी, स्टुअर्ट आणि क्लार्क यांच्याभोवती फिरते आहे. मी संघातल्या अकराव्या आणि बाराव्या खेळाडूविषयी लिहू इच्छिते.

माझी मुलगी अमेरिकेतील एका विद्यापीठाच्या संघात खेळते. तिच्या आधीच्या तुकडीतील एक मुलगी डब्ल्यूएनबीएच्या निवडीत तिसऱ्या फेरीत घेतली गेली. आमच्या घरी त्या रात्री सगळे आनंदाने रडले होते. सराव शिबिरातून तिला दोन आठवड्यांत परत पाठवले. नंतर हंगामाच्या मध्यात एका संघात दोघी जखमी झाल्या, तेव्हा तिला सात दिवसांच्या करारावर बोलावले, पुन्हा सोडले, आणि आता ती युरोपातील एका लहान क्लबकडून खेळते. तिच्या खेळात उणीव होती, असे मला वाटत नाही. संपूर्ण लीगमध्ये एका वेळी दीडशेच्या आसपासच जागा असतात, आणि वेतनमर्यादा कडक असल्यामुळे अनेक संघ बारावी जागा रिकामी ठेवून अकराच खेळाडूंवर भागवतात, जेणेकरून दोन मोठ्या पगारांना जागा होईल.

म्हणून कमाल पगार किती वाढला यावरून मी नवा करार जोखणार नाही. ज्यांना बुटांच्या जाहिराती मिळतात त्या सावरतील. केटलिन क्लार्कचा नायकेबरोबरचा करार ८ वर्षांचा आणि २ कोटी ८० लाख डॉलरचा असल्याचे वृत्त होते. तिला लीगच्या पगाराची चिंता नसेल. विद्यापीठातही २०२१ पासून खेळाडूंना स्वतःच्या नावावर कमावता येते, त्यामुळे काही नामांकित मुलींना व्यावसायिक होताना पगार कमी झाल्यासारखाच वाटतो. पण ज्यांच्याकडे जाहिरात नाही, त्यांना ६६ हजारांत एखाद्या महागड्या शहरात चार-पाच महिने राहायचे असते. घरभाड्याची सोय जुन्या करारात संघाकडे होती, आणि ती काढून घेतली जाऊ नये, एवढी माझी कळकळीची इच्छा आहे.


सावली, १४ सप्टेंबर

कोर्टबाहेर, आपल्या प्रतिसादाबद्दल मनापासून आभार. त्या मुलीला युरोपात भरपूर खेळायला मिळो.

खर्चाविषयी एक आकडा द्यावासा वाटतो. २०२४ मध्ये लीगने सर्व संघांसाठी खासगी विमाने सुरू केली, आणि त्यासाठी दोन वर्षांत ५ कोटी डॉलर, म्हणजे वर्षाला अडीच कोटी खर्च होतील असे सांगितले. त्या वर्षी १२ संघांची एकत्रित वेतनमर्यादा पावणेदोन कोटींच्या आसपास होती. म्हणजे खेळाडूंना नेण्या-आणण्याचा खर्च खेळाडूंच्या पगारापेक्षा जास्त. विमाने हवीतच, साध्या विमानांच्या रखडपट्टीत त्यांनी अनेक वर्षे काढली, आणि स्वखर्चाने खासगी विमान वापरले म्हणून न्यूयॉर्क लिबर्टीला ५ लाख डॉलर दंडही झाला होता. पण हा खर्च परवडतो तिथे पगार परवडत नाहीत, हे मला उमगत नाही.


चौकट, १५ सप्टेंबर

मैदानवासी यांनी 'पंचवीस वर्षे पदरमोड' असे लिहिले, म्हणून पुरुषांच्या लीगचा इतिहास आठवून द्यावासा वाटतो. एनबीएचा उगम १९४६ चा. सुरुवातीच्या काळात तिथलेही अनेक खेळाडू हंगाम संपला की दुसरी कामे करीत. जानेवारी १९६४ मध्ये बॉस्टनच्या ऑल-स्टार सामन्यापूर्वी, निवृत्तिवेतनाचे आश्वासन मिळेपर्यंत खेळाडूंनी मैदानात उतरायला नकार दिला, आणि मग ते मिळाले. १९८० साली, म्हणजे लीग चौतीस वर्षांची असताना, विजेतेपद ठरवणारा सामनासुद्धा अमेरिकेच्या बहुतांश भागांत रात्री उशिरा ध्वनिचित्रमुद्रित स्वरूपात दाखवला गेला. संघ तोट्यात होते. आणि अशा वेळी, १९८३ मध्ये, जो करार झाला त्यात खेळाडूंना उत्पन्नाचा ५३ टक्के वाटा देण्याचे ठरले आणि त्याच्या बदल्यात त्यांनी वेतनमर्यादा स्वीकारली. हिस्सा ठरवण्यासाठी नफ्याची वाट पाहिली गेली नव्हती. डब्ल्यूएनबीएत वेतनमर्यादा आली, हिस्सा मात्र आलाच नाही.


मैदानवासी, १५ सप्टेंबर

१९८३ च्या कराराची ही बाजू मला ठाऊक नव्हती. वेतनमर्यादा ही हिश्शाच्या बदल्यात दिलेली गोष्ट होती, हे लक्षात घेतले तर माझा मूळ प्रतिसाद मला थोडा बदलावा लागेल. तरी एक शंका राहते. सध्या मालकांना जे मोठे पैसे दिसत आहेत ते नव्या संघांच्या प्रवेशशुल्काचे आहेत. गोल्डन स्टेट व्हाल्किरीजने ५ कोटी डॉलर भरले. जूनमध्ये जाहीर झालेले क्लीव्हलंड, डेट्रॉइट आणि फिलाडेल्फिया प्रत्येकी २५ कोटी भरणार आहेत. हे उत्पन्न धरायचे का?


ताळेबंद, १५ सप्टेंबर

नाही, आणि इथे मी मालकांच्या बाजूने बोलेन. प्रवेशशुल्क म्हणजे कमाई नव्हे. नवा संघ आला की पुढच्या प्रत्येक वर्षी प्रक्षेपणाची रक्कम एका अधिक वाटेकऱ्यात विभागावी लागते, आणि त्या कमी होणाऱ्या वाट्याची किंमत आज एकरकमी घेतली जाते. एनबीएतही ते खेळाडूंबरोबर वाटले जात नाही.

मात्र ते शुल्क एक गोष्ट ठामपणे सांगते. २०२२ मध्ये लीगने सुमारे १६ टक्के हिस्सा विकून साडेसात कोटी डॉलर उभे केले. उरलेला हिस्सा एनबीएच्या आणि डब्ल्यूएनबीएच्या मालकांत ४२-४२ टक्के असा आहे. त्या हिशेबाने लीगच्या मध्यवर्ती कंपनीची किंमत सुमारे ४७ कोटी झाली. आता एकेका नव्या संघाला २५ कोटी मोजावे लागतात, आणि लिबर्टीचा काही हिस्सा यंदा विकला गेला तो संघाची किंमत ४५ कोटी धरून. तोट्याची भीती ज्यांना रोज वाटते असे लोक या भावाने खरेदी करीत नाहीत. आणि व्हाल्किरीजचे पहिल्याच हंगामात १८,०६४ आसनांचे सभागृह घरच्या प्रत्येक सामन्याला भरले. केटलिन क्लार्क त्यांच्या संघात नाही.


ह्यूस्टनकर, १५ सप्टेंबर

स्टुअर्ट आणि नफीसा कॉलियर यांनी सुरू केलेल्या 'अनरायव्हल्ड' या हिवाळी लीगचाही विचार व्हावा. या जानेवारीत मायामीत तिचा पहिला हंगाम झाला. सरासरी पगार २ लाख २० हजारांच्या वर आणि खेळाडूंना मालकीत वाटा. मला ती मनापासून आवडते, पण १९९८ आठवून मी तिचा तिसरा-चौथा हंगाम पाहिल्यावाचून निश्चिंत होणार नाही.


रिंगण (धागाकर्ता), १६ सप्टेंबर

सर्वांचे आभार. मूळ प्रश्नाकडे येतो. शीर्षकात मी 'परवडत नाहीत, की' असे दोनच पर्याय ठेवले होते, आणि तिथेच माझी चूक झाली. मैदानवासी यांनी सांगितलेला तोटा खरा होता, पण तो ज्या काळातला होता त्या काळात प्रक्षेपणाचे पैसे नव्हते. आता ते आहेत, आणि तरी पगार ३ टक्क्यांच्या जिन्यावरच आहे. त्यामुळे नवा करार आला की मी तीन गोष्टी आधी शोधेन : वेतनमर्यादा उत्पन्नाशी जोडली आहे का, लक्ष्य साठत जाणारे आहे की दरवर्षीचे, आणि अकराव्या-बाराव्या खेळाडूचे काय केले.


ताळेबंद, १६ सप्टेंबर

चौथी गोष्ट जोडावी. 'उत्पन्न' या शब्दाची व्याख्या कराराच्या कोणत्या पानावर आहे आणि तीतून आधी काय वजा केले आहे, ते पाहावे. ढोबळ उत्पन्नाचे ३० टक्के आणि खर्च वजा जाता उरलेल्याचे ५० टक्के यांत पहिला आकडा लहान दिसतो, पण हातात येणारी रक्कम बहुधा त्याचीच मोठी असते.


कोर्टबाहेर, १६ सप्टेंबर

नोंद करून ठेवली. ३१ ऑक्टोबरनंतर मी हा धागा वर आणीन. त्या मुलीचा क्लब तेव्हा घरच्या मैदानावर खेळत असेल. तिला जानेवारीपर्यंतचा करार मिळाला आहे.